आडवे पीक आणि निर्दोष शेतकरी

वाऱ्यापावसाच्या माराने उभे पीक जमिनीवर झोपते, तेव्हा ते लोळले असे शेतकरी म्हणतो. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे या मुळशी तालुक्यातल्या गावांपासून पौडमार्गे घाटमाथ्यापर्यंत, ही आपत्ती बहुतेक वेळा भाताच्या खाचरात आणि ऑक्टोबर महिन्यात येते. हस्ताचा पाऊस ओसरत आलेला असतो, चित्रा आणि स्वाती बाकी असतात, लोंब्या दाण्याने वाकलेल्या असतात. परतीचा पाऊस दुपारी ढग भरून आणतो आणि संध्याकाळी वाऱ्यासह कोसळतो. सकाळी खाचर पाहावे तर चटई अंथरल्यासारखे. चिखलाला टेकलेल्या लोंबीतल्या दाण्याला काही दिवसांतच जागच्या जागी कोंब फुटतो.

दाणा गेला की त्याची बातमी होते. पेंढ्याची होत नाही. वास्तविक या भागात भाताचा पेंढा आणि डोंगरउतारावर कापून वाळवलेले गवत हीच गुरांची वर्षाची वैरण. पूर्वेकडच्या तालुक्यांत जे स्थान ज्वारीच्या कडब्याला, ते मुळशी-मावळात पेंढ्याला. भिजून पडलेला पेंढा काळा पडतो, त्याला बुरशी धरते, गुरे त्याला तोंड लावत नाहीत. भुकेपोटी लावलेच तर बुरशीचे विष पोटात जाते आणि दुधातही उतरते. हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिल्यापासून खाचरे कमी होत गेली, तरी आसपासच्या गावांतले गोठे उठलेले नाहीत. लोळलेल्या पिकात त्यामुळे माणसाच्या ताटाइतकाच मुक्या जनावराच्या दावणीचा प्रश्न असतो. ही दावण ध्यानात ठेवायला हवी, कारण धर्मशास्त्रातला एक मोठा युक्तिवाद तिच्यापाशी येऊन अडखळतो.

आडव्या पिकाच्या बांधावर तीन प्रश्न एकदम विचारले जातात. पीक पडले कसे? माझेच का पडले? आता करायचे काय? पहिला प्रश्न शास्त्राचा आहे, दुसरा धर्माचा आणि तिसरा कर्तव्याचा. दुसऱ्याचे उत्तर पहिल्याला दिले की घोटाळा सुरू होतो. कुठेतरी चुकले असेल, देवाचे काही राहून गेले असेल, मागच्या जन्मीचे देणे असेल, अशी वाक्ये सांत्वनाला आलेल्या माणसांच्या तोंडून सहज निघतात. ती बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. तरी ज्याचे पीक गेले, त्याच्या माथ्यावर नुकसानीबरोबर अपराधाचेही ओझे चढते. ते ओझे धर्माच्या दृष्टीने खरे आहे की खोटे, हे तपासण्याजोगे आहे.

मराठी भाषेने या बाबतीत एक चांगली सोय करून ठेवली आहे. आपत्तीचे दोन प्रकार तिने एका जोडशब्दात बसवले: अस्मानी आणि सुलतानी. एक आकाशातून आलेली, दुसरी राज्यकर्त्याकडून आलेली. शेतकऱ्याच्या पापातून आलेली, असा तिसरा प्रकार या जोडीत नाही. संस्कृतातही शेतीवरच्या संकटांना ‘ईति’ असे नाव आहे आणि त्यांच्या यादीत अतिवृष्टी, अनावृष्टी, उंदीर, टोळ, पोपट आणि सीमेवर येऊन ठेपलेले परराजे हे सहा मोजले जातात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आग, पूर, रोगराई, दुष्काळ अशा आठ महाभयांना ‘दैव’ म्हटले आहे आणि त्यांपासून प्रजेला वाचवणे हे राजाचे काम सांगितले आहे. दैव हा शब्द तिथे हात टेकण्यासाठी आलेला नाही. राजाने काय करावे, हे त्याच प्रकरणात पुढे येते.

वेदकाळातला माणूस पावसाशी थेट बोलत असे. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातले पर्जन्यसूक्त गर्जना, वीज आणि मुसळधार यांचे वर्णन करते, पर्जन्याची स्तुती करते, आणि शेवटाकडे त्याला सांगते की, तू भरपूर बरसलास, आता आवर. अथर्ववेदात विजेने आमचे धान्य मारू नकोस अशीही विनवणी आहे. या प्रार्थनांत भीती आहे, आदर आहे, मागणे आहे. पाऊस जास्त झाला तो आमच्या अपराधामुळे, अशी कबुली मात्र पर्जन्यसूक्तात नाही. गावच्या दैवताशी शेतकऱ्याचे नाते आजही बरेचसे याच जातीचे आहे. हिंजवडी आणि वाकडच्या म्हातोबाची बगाडाची यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते, म्हणजे वळवाच्या तोंडावर. नवस बोलणे, तो फेडणे, देवाला आपल्या बाजूला मागणे, हा या श्रद्धेचा गाभा आहे. नवस म्हणजे मागणे आणि कृतज्ञता. पीक गेले म्हणजे देवाने शिक्षा केली, हा निष्कर्ष नवसातून निघत नाही. तो मागाहून, बहुधा तिसऱ्याच माणसाने, जोडलेला असतो.

शिक्षेच्या कल्पनेला तात्त्विक बळ मिळाले ते कर्मसिद्धान्तातून. हा सिद्धान्त हलक्या हाताने बाजूला सारण्यासारखा नाही. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण अशी त्याची मांडणी एका खऱ्या अडचणीला उत्तर देण्यासाठी झाली. जग ईश्वराने केले असेल आणि जगात एकाला सुख, एकाला दुःख असे उघड दिसत असेल, तर ईश्वर पक्षपाती किंवा निर्दय ठरतो. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हा आक्षेप घेतलेला आहे आणि त्याचे उत्तर असे की, ईश्वर प्राण्यांच्या कर्माची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो, म्हणून विषमता त्याची नव्हे. या सूत्रावर भाष्य करताना शंकराचार्य दृष्टान्त घेतात तो पावसाचाच. पाऊस हे साळी आणि जव या सगळ्यांना सामाईक कारण आहे. साळीची साळ आणि जवाचे जव होण्यातला फरक ज्या त्या बीजाच्या अंगच्या सामर्थ्यामुळे पडतो. ईश्वर पावसासारखा, आणि जीवांची कर्मे बीजांसारखी.

दृष्टान्त देखणा आहे. पण त्यातला पाऊस वाढवणारा आहे, लोळवणारा नव्हे. परतीचा पाऊस एका रात्रीत सगळ्या शिवारावर पडतो. सकाळी दिसते ते असे की, उंच वाढणारा आंबेमोहोर झोपला आहे आणि शेजारच्या खाचरातले बुटके वाण उभे आहे. दोन शेतकऱ्यांच्या पूर्वजन्मात फरक शोधण्याआधी दोन ताटांच्या उंचीतला फरक डोळ्यांसमोर असतो. शंकराचार्यांचाच शब्द वापरायचा तर, इथे विषमतेचे कारण बीजाच्या अंगचे सामर्थ्य हेच आहे, आणि ते अगदी शब्दशः.

दावणीचा मुद्दा इथे येतो. पीक पडणे ही शेतकऱ्याच्या पापाची शिक्षा असेल, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये वैरण संपल्यावर उपाशी राहणारे वासरू कोणत्या पापाची शिक्षा भोगते? सिद्धान्ताचे उत्तर तयार असते: वासरालाही त्याचे प्रारब्ध आहे. तर्काच्या अंगाने हे उत्तर पक्के आहे, कारण त्याला कोणताही पुरावा मोडू शकत नाही. नेमका तोच त्याचा दोष आहे. ज्या उत्तराने बुरशी धरलेला पेंढा, फुटलेला बांध, उशिरा झालेली कापणी आणि चक्रीवादळ यांतला काहीच फरक कळत नाही, ते उत्तर बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या उपयोगाचे नाही. शिवाय कर्मसिद्धान्त परंपरेत मुख्यतः माणसाने स्वतःच्या वाट्याला आलेले सोसताना मनाशी धरायचा विचार आहे. शेजाऱ्याकडे बोट दाखवण्यासाठी तो वापरला की त्याचे रूपच पालटते.

या प्रश्नावरचे सर्वांत स्वच्छ उत्तर महाभारतात आहे, आणि ते द्रौपदीच्या तोंडी आहे. वनपर्वात पांडव द्वैतवनात असताना ती युधिष्ठिराशी वाद घालते. धर्माने वागणाऱ्याच्या वाट्याला हाल आणि अधर्म्याच्या वाट्याला राज्य, हे देवाचे कसले न्यायीपण, असा तिचा सूर असतो. युधिष्ठिर तिला, तू नास्तिकासारखे बोलतेस, असे म्हणतो. त्यावर ती माघार घेते आणि मग कर्मावर, म्हणजे इथे माणसाच्या प्रयत्नावर, एक सविस्तर विवेचन करते. सगळे नशिबावर सोडणारा आणि सगळे योगायोगाने घडते असे म्हणणारा, या दोघांनाही ती खालच्या पायरीवर बसवते. कर्माची बुद्धी धरणाऱ्याची ती प्रशंसा करते. हा विचार कुठे ऐकला तेही ती सांगते: वडिलांनी घरी एक विद्वान ब्राह्मण ठेवला होता, तो बृहस्पतीची नीती सांगत असे आणि लहानपणी वडिलांजवळ बसून तिने ती ऐकली.

या विवेचनात शेतकऱ्याचे उदाहरण येते. शेतकरी नांगराने जमीन फोडतो, बी पेरतो आणि मग गप्प बसतो. पुढचे काम पावसाचे. पावसाने कृपा केली नाही, तर शेतकरी निष्पाप आहे, असा स्पष्ट निर्वाळा द्रौपदी देते. मूळ संस्कृतातला ‘अनेनाः’ हा शब्द पाप नसलेला याच अर्थाचा आहे. पुढे ती शेतकऱ्याच्या मनात शिरते. दुसऱ्या कोणीही जे केले असते, ते सर्व मी केले आहे. तरी फळ आले नाही, तर त्यात माझा अपराध नाही, असा विचार करून शहाण्याने स्वतःला दोष देऊ नये. माणसाने स्वतःला कधी तुच्छ लेखू नये, असेही ती त्याला जोडते, कारण स्वतःला तुच्छ लेखणाऱ्याला वैभव मिळत नाही.

हे वचन मराठी कीर्तन-प्रवचनांत जितके यायला हवे तितके येत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. त्यात दोन गोष्टी एकत्र आहेत. एक, निसर्गाच्या माराबद्दल शेतकऱ्याची निर्दोष सुटका. दोन, त्या सुटकेची अट: दुसऱ्या कोणी केले असते ते सर्व केलेले असले पाहिजे. अटीमुळे सुटका आळशाच्या हाती जात नाही, आणि सुटकेमुळे अट जाचक होत नाही.

महाभारतात हा विचार एकटाच नाही. उद्योगपर्वात शिष्टाईला निघण्यापूर्वी श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतो की, शेतकऱ्याने जमीन कितीही चांगली केली तरी पावसावाचून ती पिकत नाही. पाणी घालण्याचा प्रयत्न माणसाच्या हातचा, पण घातलेले पाणीही आटून जाणे दैवाच्या हातचे. जो स्वतः शिष्टाईचा प्रयत्न करायला निघाला आहे, तोच फळाची हमी देत नाही, हे इथे महत्त्वाचे. अनुशासनपर्वात ब्रह्मदेव आणि वसिष्ठ यांच्या संवादात उपमा आणखी नेमकी होते: प्रयत्न हे शेत, दैव हे बी, दोघांच्या संयोगाने पीक. याज्ञवल्क्यस्मृती रथाचे चाक घेते. एका चाकाने रथ चालत नाही, तसे एकट्या दैवाने काही सिद्ध होत नाही. त्याच स्मृतीत दैव म्हणजे मागच्या देहातला प्रयत्नच, असेही म्हटले आहे, म्हणजे कर्मसिद्धान्त तिथे पुन्हा डोके वर काढतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. यापुढे गीता म्हणते की, असे असता केवळ स्वतःलाच कर्ता समजणारा नीट पाहत नाही. हे वाक्य सहसा यशाच्या अहंकारावर लागू केले जाते. ते अपयशाच्या अपराधभावनेवरही तितकेच लागू पडते. पाच कारणांतले एकच आपले असेल, तर पीक आले तेव्हा सगळे श्रेय आपले नव्हते, आणि पडले तेव्हा सगळा दोषही आपला नाही.

हिंजवडीच्या उत्तरेला देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या स्थळाची आठवण या विषयात निव्वळ जवळ आहे म्हणून येत नाही. पाली साहित्यात संयुत्त निकायामध्ये मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाचा प्रश्न आहे: माणूस जे काही सुखदुःख अनुभवतो, ते सगळे पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, भगवानांचे काय मत? बुद्ध उत्तर देतात की काही वेदना पित्तामुळे, काही कफामुळे, काही वातामुळे, काही ऋतू पालटल्यामुळे होतात, हे माणसाला स्वतः कळते आणि जगही ते मानते. म्हणून सगळे पूर्वकर्मावर लादणारे मर्यादा ओलांडतात. कर्म हे त्या यादीतल्या आठ कारणांपैकी एक आहे, बाकी सात वेगळी. पुढच्या काळातल्या अट्ठकथांनी ऋतुनियम, बीजनियम, कर्मनियम अशी नियमांची वर्गवारीच केली. आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या भेदाचा आधार घेतला आणि कर्माला नैतिक व्यवस्थेचा नियम म्हणून ऋतूंच्या नियमापासून वेगळे काढले. गेल्या जन्मीचे कर्म या जन्मीच्या हालाचे कारण, ही कल्पना त्यांनी नाकारली, कारण तिच्या आधारे समाजाने दलितांचे दैन्य त्यांच्याच माथी मारले होते. लोळलेल्या पिकाच्या बाबतीत बुद्धाचे उत्तर उघड आहे: ते ऋतुनियमात मोडते.

समर्थ रामदासांच्या दासबोधातली एक तपशिलाची गोष्ट इथे नोंदवण्यासारखी आहे. सांख्यकारिकेवरच्या गौडपादांच्या भाष्यात थंडी, ऊन, वारा, पाऊस, वीज यांपासून होणारा त्रास ‘आधिदैविक’ तापात मोजला आहे. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात मात्र आधिदैविक ताप म्हणजे देहान्तानंतर भोगाव्या लागणाऱ्या यमयातना, आणि बाहेरच्या भूतांच्या संयोगाने होणारा त्रास तो आधिभौतिक, अशी व्याख्या आहे. त्या व्याख्येप्रमाणे वादळाचा मार आधिभौतिकात जातो. म्हणजे शुभाशुभ कर्माचा हिशोब समर्थांनी मरणापलीकडे नेऊन ठेवला आणि वारापाऊस या जगातल्या वस्तूंच्या धक्क्यांत बसवला. प्रयत्नाला देव मानणाऱ्या संताच्या हातून ही मांडणी व्हावी, हे त्याच्या एकूण शिकवणीशी जुळते.

आधुनिक काळात हाच वाद भारतात एकदा जाहीरपणे झाला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारला भूकंपाने हादरवले. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेली ही शिक्षा आहे, असे महात्मा गांधी म्हणाले. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला लेखी विरोध केला. भौतिक आपत्तीचे कारण भौतिक घटनांच्या जुळणीतच असते, नैतिक तत्त्वे आणि पृथ्वीच्या हालचाली यांची अशी गाठ घातली तर अविवेकाला बळ मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. गांधींनी ते पत्र आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात छापले आणि स्वतःचे मत सोडले नाही. अस्पृश्यता हे पाप आहे याबद्दल दोघांत मतभेद नव्हता. न्याय ठाकुरांच्या बाजूला जातो, कारण बिहारच्या ढिगाऱ्याखाली अस्पृश्यही गाडले गेले होते. शिक्षा म्हणावी तर ती ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाही बसली.

आता द्रौपदीच्या अटीकडे यायला हवे. दुसऱ्या कोणी केले असते ते सर्व केले का, हा प्रश्न शेतकऱ्याने स्वतःला विचारण्यात कमीपणा नाही. पीक लोळण्यात माणसाचा हात असतो. युरियाचा मारा जास्त झाला की ताट उंच, हिरवेगार आणि पोकळ वाढते. दाट लावणीत बुडाला ऊन लागत नाही आणि पेर नाजूक राहते. पालाश कमी पडले की काडीला ताठपणा येत नाही. कापणी आठवडाभर लांबली की पिकलेले पीक वादळाच्या तावडीत सापडते. यातले कोणतेच पाप नव्हे, चूक आहे. पापाला प्रायश्चित्त लागते, चुकीला दुरुस्ती. या दोन शब्दांची अदलाबदल झाल्याने किती पैसा शांतीत, ग्रहांच्या पूजेत आणि दक्षिणेत गेला, याचे चित्र जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये रंगवले आहे; शेतकऱ्याच्या घरी जन्मापासून मरणापर्यंत धर्माच्या नावाने कशी वसुली होते, हे त्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात येते.

दुरुस्ती किती दूर जाऊ शकते, याचे उदाहरण भाताच्या वाणांतच आहे. उंच भात दाण्याच्या भाराने झोपतो, म्हणून फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने बुटका आयआर-८ तयार केला. तो १९६६ साली प्रसारित झाला. आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात इंद्रायणी हे वाण तयार झाले आणि १९८७ साली बाहेर आले. सुवास आंबेमोहोराच्या घराण्याचा, उंची आवरलेली. आज मुळशी-मावळात इंद्रायणी सर्वदूर लावली जाते. अनुशासनपर्वातली उपमा इथे उलटी करून पाहावी लागते: जे बी दैव मानले होते, तेही काही प्रमाणात माणसाच्या प्रयत्नात आले. तरीही मोठ्या वादळात इंद्रायणीही लोळते. दैवाचा प्रांत आक्रसला, संपला नाही.

अस्मानी आणि सुलतानी यांची सीमाही पूर्वीइतकी स्वच्छ राहिलेली नाही. मुळशी तालुक्याला याचा जुना अनुभव आहे. टाटांच्या धरणासाठी भातखाचरे पाण्याखाली जाणार, म्हणून १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. तिथे शेत बुडवणारे पाणी आकाशातलेच होते, पण ते अडवून शेतावर आणणारी भिंत माणसाची होती. हिंजवडीच्या परिसरात ओढे-नाले बुजले, वळवले गेले, डोंगरउतारांवर काँक्रीट आले, आणि पूर्वी वाहून जाणारे पाणी आता रस्त्यांवर आणि उरलेल्या खाचरांत तुंबते. हवेत साठलेल्या कर्बवायूने समुद्र तापतो आणि तापलेला समुद्र वादळाला बळ पुरवतो. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्याला लागलेले निसर्ग चक्रीवादळ घाट चढून मुळशी-मावळात आले, तेव्हा गोठ्यांवरचे पत्रे उडाले आणि पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण उघडी पडली. अशा आपत्तीला निखळ दैवी म्हणणे सोयीचे असते, विशेषतः ज्यांनी ओढा बुजवला त्यांच्यासाठी. निर्दोष शेतकरी आहे. ओढा बुजवणाऱ्याला द्रौपदीचे वचन लागू होत नाही.

दोष नाही म्हटल्यावर दुःख उरतेच. त्याचे काय करायचे, याचे उत्तर या भूमीत देहूने दिले आहे. १६३० च्या सुमाराच्या महादुष्काळात तुकोबांचे दुकान बुडाले, थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. त्यांनी हे सगळे आपल्या अभंगांत झाकून ठेवले नाही. परंपरा सांगते की, लोकांकडून येणे असलेल्या खतांच्या कागदांतला आपल्या वाट्याचा निम्मा भाग त्यांनी इंद्रायणी नदीत सोडला आणि भावाचा निम्मा भावाला दिला. जो स्वतः नागवला गेला होता, त्याने आपल्या ऋणकोंना मोकळे केले. संकटाचे कारण काय, याचा निकाल लागेपर्यंत ते थांबले नाहीत. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार उघडले, तेव्हाही भुकेलेल्यांना कोणी पूर्वजन्मीचा हिशोब विचारला नव्हता.

कर्तव्याचा प्रश्न लोळलेल्या पिकाच्या बाबतीत फार तातडीचा असतो, तासांच्या हिशोबाचा. दाणा अजून दुधात असेल तर ताटाला पेरापाशी वाकून पुन्हा वर उठण्याची नैसर्गिक शक्ती असते. अशा वेळी खाचरातले पाणी बांध फोडून बाहेर काढावे आणि पिकाला हात लावू नये. दाणा भरला असेल तर चार-पाच चूड एकत्र धरून पेंढी बांधून उभी करावी, म्हणजे लोंबी चिखलातून सुटते. पिकलेले असेल तर वाफशाची वाट न पाहता कापून बांधावर किंवा ताडपत्रीवर पसरावे आणि दिवसातून दोनदा उलटावे. ओला पेंढा गंजीला लावण्याची घाई सर्वांत घातक. वैरणीत ओल १५ टक्क्यांच्या आसपास उतरल्यावरच ती रचावी. वीसच्या वर असली तर गंजी आतून तापते, बुरशी धरते, क्वचित पेटही घेते. हिरवा मका किंवा कडवळ आडवे झाले असेल तर वाळवण्याच्या भानगडीत न पडता कुट्टी करून मुरघास करावा. निकृष्ट पण बुरशी न लागलेला पेंढा १०० किलोला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडला आणि २१ दिवस हवाबंद दाबून ठेवला, तर गुरांना पचायला सोपा होतो. काळी, कुबट झालेली वैरण मात्र खतात टाकावी. जनावराला घालू नये. मुक्या जीवाला काय घालावे हे ठरवताना दयेला माहितीची जोड लागते.

वैरण राखणे हे राज्यधर्माचेही काम आहे, याचा दाखला शिवाजी महाराजांच्या एका पत्रात आहे. चिपळूणजवळ तळ देऊन बसलेल्या लष्कराला १६७३ साली पाठवलेल्या या पत्रात, दाणा आणि गवत आताच उधळले तर पावसाळ्यात घोडी मरतील आणि त्या हत्येचा दोष तुमच्यावर येईल, अशी जरब आहे. पेटत्या दिव्याची वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजी जळतील, इथवर खबरदारी सांगितली आहे. आणि रयतेच्या एका काडीलाही हात लावू नका, असे बजावले आहे. दोष कोणाचा याची वाटणी या पत्रात अचूक आहे. ज्याच्या हातात राखणे होते आणि ज्याने राखले नाही, त्याचा.

आजच्या राज्याकडे पंचनामा, आपत्ती मदत आणि पीकविमा ही साधने आहेत. ऑक्टोबर २०१९ च्या अवकाळी पावसानंतर राज्यपालांनी नोव्हेंबरमध्ये खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, जाहीर केले. २०१६ च्या खरिपापासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भाताचा विमा दाण्याच्या उत्पादनावर बेतलेला असतो. पेंढा त्या हिशोबात नाही. गोठ्याचे नुकसान त्यामुळे शेतकऱ्याच्या आणि गावाच्या अंगावर पडते, आणि पूर्वीपासून ते गावानेच वाटून घेतले आहे. यंदाच्या परतीच्या पावसात ज्याची गंजी कोरडी राहिली असेल, त्याने ज्याची भिजली त्याच्या गोठ्यात चार भारे नेऊन टाकावेत, आणि दिवाळीच्या आत टाकावेत.